औषधाचा गुण कोठे वसतो? धातुयुक्त जैवक्रियाशील काच आणि द्रव्यस्वभावाचा प्रश्न

एखादे द्रव्य औषध आहे असे म्हणताना त्या द्रव्याविषयी नेमके काय सांगितले जाते, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. औषधीपणा हा द्रव्याचा अंगभूत गुण असतो, की द्रव्य आणि शरीर एकमेकांच्या सान्निध्यात आल्यावर तो निष्पन्न होतो? विषाबद्दलही हाच प्रश्न उभा राहतो. भारतीय दर्शनांनी द्रव्य, गुण, शक्ती आणि स्वभाव या संज्ञांच्या आधारे हा वाद शतकानुशतके चालवला. युरोपात तो सतराव्या शतकात नव्या भौतिकीच्या परिभाषेत मांडला गेला. गेल्या अर्धशतकात वैद्यकात आलेल्या एका पदार्थामुळे या वादाला एक अत्यंत नेमके उदाहरण मिळाले आहे. धातूंचे आयन सामावून घेणारी जैवक्रियाशील काच हा तो पदार्थ होय. ही काच हाडाशी जुळते, हळूहळू विरघळते आणि विरघळताना चांदी, तांबे, जस्त किंवा गॅलियम यांचे आयन सोडून जीवाणूंचा नाश करते. त्यातला तांब्याचा आयन जीवाणूला मारक, जखमेतल्या नव्या रक्तवाहिन्यांना उपकारक आणि मात्रा वाढल्यास रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनाही घातक असतो. मग त्याचा खरा स्वभाव कोणता मानावा?

काचेची घडण आणि तिचे हाडाशी जुळणे

शरीरात बसवायच्या वस्तूंविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकच आदर्श होता: पदार्थ जितका निष्क्रिय, तितका चांगला. त्याने शरीराशी कोणतीही रासायनिक देवघेव करू नये, अशी अपेक्षा असे. शरीर मात्र अशा वस्तूला परकीच समजे आणि तिच्याभोवती तंतुमय ऊतीचे आवरण तयार करून तिला वेगळे ठेवी. फ्लोरिडा विद्यापीठातील काच व सिरॅमिक पदार्थांचे अभ्यासक लॅरी हेंच 1967 मध्ये एका परिषदेला बसने जात होते. त्या प्रवासात त्यांची व्हिएतनामहून परतलेल्या एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याशी गाठ पडली. जखमी सैनिकांच्या शरीरात बसवलेले धातूचे आणि प्लॅस्टिकचे भाग शरीर नाकारते. शरीरात टिकून राहील असा पदार्थ तयार करता येईल का, असे त्या अधिकाऱ्याने विचारले. हाडाचे खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे असते. तेव्हा हीच द्रव्ये असलेली काच शरीर स्वीकारील, असे अनुमान हेंच यांनी केले. 1969 मध्ये अशी काच तयार झाली आणि उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवण्यात आली. सहा आठवड्यांनंतर ती हाडातून सुटेना. हाड आणि काच एकजीव झाले होते.

या काचेला 45एस5 म्हणतात. तिच्या वजनात 45 टक्के सिलिका, 24.5 टक्के सोडियम ऑक्साइड, 24.5 टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि 6 टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. खिडकीच्या काचेत सिलिकेचे प्रमाण 70 टक्क्यांच्या वर असते आणि म्हणूनच ती पाण्याला दाद देत नाही. 45एस5 मध्ये सिलिकेची जाळी विरळ असल्यामुळे ती शरीरातील द्रवाला लगेच प्रतिसाद देते. प्रथम काचेतील सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि द्रवातील हायड्रोजनचे आयन त्यांची जागा घेतात. त्यामुळे आसपासच्या द्रवाचा सामू वाढतो. मग पृष्ठभागावरील सिलिकेची जाळी तुटून तिचा जेलसारखा थर बनतो. या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट साचतात. त्यांतला काही भाग काचेतून येतो, काही भाग शरीरातील द्रवातून. पुढे या साठ्याचे स्फटिक होतात आणि हाडाच्या खनिजाशी मिळताजुळता कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सिॲपेटाइट तयार होतो. त्यात कोलॅजनचे तंतू गुंततात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्यावर वस्ती करतात.

वितळवून केलेल्या काचेत सिलिकेचे प्रमाण साधारण 60 टक्क्यांपुढे गेले की तिचे हे हाडाशी जुळणे थांबते. ही मर्यादा पुढील चर्चेसाठी महत्त्वाची आहे.

धातूंचे आयन आणि त्यांचे दुहेरी वर्तन

कोणताही धातू न मिसळताही काही जैवक्रियाशील काचा जीवाणूंना रोखतात. फिनलंडमधील तुर्कू येथे विकसित झालेली एस53पी4 ही काच हाडातील दीर्घकालीन जंतुसंसर्गावर वापरली जाते. तिच्यातून सोडियम आणि कॅल्शियम बाहेर पडल्यामुळे परिसर अल्कधर्मी होतो, तेथील परासरणी दाब वाढतो आणि जीवाणूंना तेथे जगणे कठीण होते. धातूंचे आयन मिसळल्याने या परिणामाला नेमकेपणा आणि जोर येतो. काच विरघळण्याचा वेग तिच्या घटकांवरून ठरवता येत असल्यामुळे आयन किती आणि किती काळ सुटावेत हेही बऱ्याच अंशी आधी ठरवता येते.

चांदीचा आयन प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतो. त्यामुळे जीवाणूचे पटल आणि श्वसनाची विकरे निकामी होतात. हेंच पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये गेले आणि 2000 च्या सुमारास त्यांच्या गटाने सोल-जेल पद्धतीने, म्हणजे काच न वितळवता द्रावणातून जेल बनवून, चांदीयुक्त जैवक्रियाशील काच तयार केली. मानवी शरीराला चांदीची गरज नसते. ती दीर्घकाळ पोटात जात राहिली तर त्वचा कायमची निळसर करडी पडते.

तांबे आणि जस्त यांची गोष्ट वेगळी आहे. हे दोन्ही धातू अल्प प्रमाणात माणसाला आणि जीवाणूलाही लागतात. तांब्याचा आयन इलेक्ट्रॉन देत-घेत ऑक्सिजनची विध्वंसक रूपे निर्माण करतो. शरीरातील भक्षक पेशी गिळलेल्या जीवाणूभोवती तांब्याचा साठा वाढवून हेच शस्त्र वापरतात. कमी प्रमाणातले तांबे मात्र पेशींना ऑक्सिजनच्या तुटवड्याचा संकेत देऊन नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करते. जस्ताचा अतिरेक जीवाणूला मारतो आणि जस्ताचा अभावही त्याला उपाशी ठेवतो. जंतुसंसर्गाच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशी एका खास प्रथिनाने जस्त बांधून ठेवतात, ते याच कारणासाठी.

गॅलियमचा आयन तर स्वतः फारसे काही करत नाही. आकार आणि विद्युतभार या दोन्ही बाबतीत तो लोहाच्या त्रिसंयुजी आयनाशी जवळजवळ जुळतो. लोहाच्या शोधात असलेला जीवाणू त्याला लोह समजून आत घेतो. लोहाला आपली संयुजा बदलता येते आणि त्या बदलावरच अनेक विकरांचे काम चालते. गॅलियमला शरीरातील परिस्थितीत ते जमत नाही. लोहाच्या जागी गॅलियम बसला की जीवाणूचे चयापचय अडते. त्याची मारकता लोहाशी असलेल्या साम्यातून आणि जीवाणूला असलेल्या लोहाच्या गरजेतून येते. त्यातला एकही भाग गॅलियमच्या आत सापडत नाही.

गुण, संयोग आणि शक्ती

वैशेषिक दर्शनाने पदार्थांची मांडणी करताना द्रव्य आणि गुण यांत स्पष्ट भेद केला. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो आणि या राहण्याचा संबंध समवाय, म्हणजे कधीही न सुटणारा. पृथ्वीद्रव्यात गंध असतो तो असाच. जंतुनाशकता हा चांदीचा या अर्थाने गुण असता, तर चांदी जेथे असेल तेथे तो दिसायला हवा होता. प्रत्यक्षात घन चांदीतून आयन फारच थोडे सुटतात. क्लोराइड भरपूर असलेल्या द्रवात चांदी न विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात खाली बसते आणि प्रथिने विपुल असली तर तिचे आयन त्यांनाच चिकटून राहतात. चांदी तेवढीच राहते, परिणाम मात्र कमी होतो.

वैशेषिकांकडे यावर एक उत्तर आहे. त्यांनी संयोगालाही गुणांतच गणले आणि तो दोन द्रव्यांत मिळून राहतो असे मानले. म्हणजे दोघांत वाटून राहणारा गुण त्यांच्या चौकटीत बसतो. तरीही जैवक्रियाशील काचेचे वर्णन संयोगाने पुरे होत नाही. संयोगात दोन द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि आपापल्या जागी तशीच राहतात. काच आणि हाड यांच्या सीमेवर दोघांचेही रूप बदलते आणि आधी कोठेच नसलेला तिसरा थर जन्माला येतो.

याहून सूक्ष्म वाद मीमांसक आणि नैयायिक यांच्यात झाला. अग्नीजवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर अग्नी जसाच्या तसा दिसतो, पण जाळत नाही, असे एक उदाहरण दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. मीमांसकांचे म्हणणे असे की अग्नीचे दिसणारे रूप कायम असूनही दाह होत नाही, म्हणून दाह घडवणारी शक्ती अग्नीच्या रूपाहून वेगळी मानली पाहिजे. ती डोळ्यांना दिसत नाही. कार्यावरून तिचे अनुमान होते. प्राभाकर मीमांसकांनी तर शक्तीला स्वतंत्र पदार्थाचे स्थान दिले. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हे मत खोडून काढले. कार्य एकट्या कारणाने होत नाही, ते कारणसामग्रीने, म्हणजे सर्व कारणांच्या एकत्र येण्याने होते. आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही त्या सामग्रीचाच एक घटक आहे. मणी जवळ आला की सामग्री अपुरी पडते. त्यासाठी वेगळी शक्ती कल्पण्याचे कारण नाही.

चांदीच्या आयनाला हा वाद जसाच्या तसा लागू पडतो. जीवाणू असलेल्या द्रवात चांदीच्या आयनांबरोबर सिस्टीनसारखे गंधकयुक्त अमिनो आम्ल पुरेसे मिसळले तर जीवाणू वाचतात. चांदी नाहीशी झालेली नसते, तिचे हात मात्र आधीच गुंतलेले असतात. येथे रसायनशास्त्र न्यायमताच्या बाजूने उभे राहते. चांदीतून कोणतीही अदृश्य वस्तू निघून गेलेली नसते. जीवाणूच्या प्रथिनांना चिकटण्यासाठी मोकळा आयन हवा, ही सामग्रीतली अट मोडलेली असते. मीमांसकांच्या आग्रहातील एक अंश तरीही टिकतो. कोरड्या बाटलीत बंद असलेली 45एस5 ची भुकटी कोणत्याच हाडाला चिकटत नाही, तरी तिला जैवक्रियाशील म्हणणे योग्य ठरते आणि शेजारच्या बाटलीतील खिडकीच्या काचेच्या चुऱ्याला तसे म्हणणे चूक ठरते. कार्य घडण्याच्या आधीही या दोहोंत भेद आहे. त्या भेदाला क्षमता म्हणता येईल. ती काचेच्या रचनेहून निराळी वस्तू नव्हे, हे मात्र उदयनांचेच म्हणणे मान्य करावे लागते.

चूर्ण केलेली काच: विषाविषयी बॉइलचा युक्तिवाद

हाच निष्कर्ष इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी वेगळ्या वाटेने काढला आणि योगायोग असा की त्यांचे उदाहरण काचेचेच होते. 'द ओरिजिन ऑफ फॉर्म्स अँड क्वालिटीज' हा त्यांचा ग्रंथ 1666 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी कुटलेली काच विषांत गणली जाई आणि विषाची विषारी शक्ती ही द्रव्यात वेगळी भर पडलेली एखादी गूढ वस्तू असते असे अनेक विद्वान मानत. बॉइल यांनी दाखवले की काचेची मारकता काचेहून निराळी नाही. तिच्या कणांना टोके आणि धारा असतात, आतड्याचे अस्तर नाजूक असते. या दोन गोष्टींच्या भेटीतून इजा होते. त्याच ग्रंथात कुलूप आणि किल्ली यांचा दाखला आहे. पहिले कुलूप झाले तेव्हा तो लोखंडाचा एक विशिष्ट आकाराचा तुकडा होता, किल्लीही तशीच. दोहोंचे आकार एकमेकांना जुळले म्हणून एकाला उघडले जाण्याची आणि दुसरीला उघडण्याची शक्ती आली, असे लोक म्हणू लागले. लोखंडात नवीन काहीच शिरले नव्हते. जॉन लॉक यांनी पुढे वस्तूंच्या अनेक गुणांना शक्ती म्हटले आणि त्या दुसऱ्या वस्तूंच्या संदर्भातच समजतात असे प्रतिपादन केले, त्यामागे हीच विचारसरणी होती.

बॉइल यांच्या काळात विष असलेली काच तीन शतकांनंतर औषध झाली. गॅलियमच्या बाबतीत तर त्यांचा दाखला शब्दशः खरा ठरतो: लोहासाठी घडलेल्या जागेत गॅलियम बसतो, पण पुढचे काम करू शकत नाही.

स्वभावशून्यता आणि क्रियाशीलता

द्रव्याला अंगभूत स्वभाव असतो या कल्पनेवर सर्वांत कठोर आघात बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने केला. त्याच्या मते स्वभाव म्हणजे जे कोणी निर्माण केलेले नाही आणि जे दुसऱ्या कशावर अवलंबून नाही ते. या कसोटीवर कोणतीच वस्तू उतरत नाही, कारण प्रत्येक वस्तू कारणांवर आणि परिस्थितीवर अवलंबून निर्माण होते. म्हणून सर्व वस्तू स्वभावशून्य आहेत. याचा अर्थ त्या खोट्या किंवा निष्प्रभ आहेत असा होत नाही. 'मूलमध्यमककारिके'च्या चोविसाव्या प्रकरणात नागार्जुन उलट युक्तिवाद करतो: ज्याला अटळ स्वभाव असेल ते कधी बदलणार नाही आणि जे बदलत नाही ते काही घडवूही शकत नाही. वस्तू शून्य असतात म्हणूनच कार्यकारणभाव चालतो.

शरीरात बसवायच्या पदार्थांच्या इतिहासाशी ही भूमिका चांगली जुळते. निष्क्रिय पदार्थाचा आदर्श हा स्वयंपूर्ण, इतरांपासून अलिप्त राहणाऱ्या वस्तूचा आदर्श होता आणि शरीर अशा वस्तूला आवरणात बंद करून बाजूला ठेवत होते. जैवक्रियाशील काच आपले रूप सोडायला तयार असते म्हणून हाडात सामावते. तिचे टिकणे हे तिच्या कार्याचे माप नाही; हळूहळू नाहीसे होणे हेच तिचे कार्य आहे.

मात्र येथे एक आक्षेप घ्यावा लागतो. सर्वच वस्तू सारख्याच स्वभावशून्य असतील तर वितळवून केलेली 45 टक्के सिलिकेची काच हाडाशी जुळते आणि 70 टक्क्यांची जुळत नाही, हा फरक कोठून येतो? सांख्य दर्शनाने नेमका याच मुद्द्यावर भर दिला. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. म्हणून कार्य कारणात आधीपासून अव्यक्त रूपाने असले पाहिजे, असे सांख्यांचे म्हणणे. उपादान कोणतेही चालत नाही, हा त्यांचा मुद्दा निर्विवाद आहे. पण हाड काचेत अव्यक्त रूपाने होते असे म्हणता येत नाही, कारण नव्या थरातील फॉस्फेटचा आणि कॅल्शियमचा मोठा भाग शरीराकडून आलेला असतो आणि कोलॅजन तर संपूर्णपणे शरीराचेच असते. नुसत्या वाळूतून, म्हणजे सिलिकेतून, हे घडत नाही. त्याच वाळूत योग्य प्रमाणात सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस मिसळून वितळवले की घडते. उपादानाचा नियम खरा, पण कार्याची पूर्वसत्ता त्यातून सिद्ध होत नाही. द्रव्याची रचना काही संबंधांना वाव देते आणि काहींना देत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

युक्ती: चरकसंहितेची भूमिका

वैद्यकाने या प्रश्नाला व्यवहाराच्या अंगाने उत्तर दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात असे प्रतिपादन आहे की योग्य युक्तीने आणि योग्य हेतूने वापरल्यास जगातील कोणतेही द्रव्य औषध होऊ शकते. तेथेच असेही सांगितले आहे की तीक्ष्ण विषही नीट योजल्यास उत्तम औषध होते आणि औषधही चुकीच्या वापराने विष ठरते. विनयपिटकातील 'महावग्ग' या ग्रंथात जीवकाची कथा येते. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याला आसपासच्या एक योजन परिसरात औषधी नसलेले काही सापडते का ते पाहून यायला सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे गुरूने मानले. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस यांनी मात्राच एखाद्या वस्तूला विष ठरवते असे सांगितले, तेही याच दिशेने.

चरकांची भूमिका पॅरासेल्ससपेक्षा व्यापक आहे. मात्रा ही युक्तीची एक बाजू झाली. त्याशिवाय देश, काळ, रुग्णाचे बळ, द्रव्याचा संस्कार आणि इतर द्रव्यांशी त्याचा संयोग या सर्वांचा विचार युक्तीत येतो. चरकांनी हेही प्रामाणिकपणे मान्य केले की काही द्रव्यांचे कार्य रस (चव), वीर्य (उष्ण-शीत अशी शक्ती) आणि विपाक (पचनानंतरचा परिणाम) यांवरून समजत नाही. चित्रक आणि दंती ही दोन्ही कटू आणि उष्ण, तरी दंती रेचक आहे आणि चित्रक नाही. अशा विशेष कार्याला त्यांनी प्रभाव म्हटले. प्रभाव या संज्ञेने कार्याची नोंद होते, कारण मात्र उलगडत नाही. उंदराच्या हाडातून काच सुटत नाही हे प्रथम दिसले तेव्हा तेही प्रभावासारखेच होते. पृष्ठभागावरील अभिक्रियांचा क्रम उलगडल्यावर त्याचे कारण सांगता आले. ज्याला एका काळी प्रभाव म्हणावे लागते त्याचे कारण पुढे संबंधांच्या तपशिलात सापडू शकते, हा या उदाहरणाचा धडा आहे.

विधानाच्या चार अपेक्षा

गुण संबंधात असतो असे म्हटले की तो पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून असतो, असा गैरसमज होण्याचा धोका असतो. जैन दर्शनाच्या अनेकांतवादाने हा धोका ओळखून त्यावर शिस्तबद्ध उपाय दिला. वस्तू अनंतधर्मात्मक आहे, म्हणून तिच्याविषयीचे कोणतेही विधान विशिष्ट अपेक्षेनेच खरे असते. आणि ती अपेक्षा द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चार अंगांनी सांगावी लागते. अपेक्षा सांगितली की विधान निश्चित होते, त्यात मतामतांचा गलबला राहत नाही.

'चांदीयुक्त काच जंतुनाशक आहे' हे विधान या कसोटीवर अपुरे आहे. द्रव्याच्या अपेक्षेने काचेची घडण आणि तिच्यातील चांदीचे प्रमाण सांगावे लागते. क्षेत्राच्या अपेक्षेने ती हाडाच्या पोकळीत आहे, भाजलेल्या त्वचेवर आहे की दातावर आहे हे सांगावे लागते, कारण प्रत्येक जागेचा द्रव वेगळा. काळाच्या अपेक्षेने पहिल्या काही तासांत सुटणारा आयनांचा लोंढा आणि नंतरच्या आठवड्यांतील मंद स्राव यांत फरक करावा लागतो. भावाच्या अपेक्षेने ती काच भुकटी आहे, तंतू आहेत की सच्छिद्र ठोकळा आहे हे महत्त्वाचे ठरते. सोल-जेल पद्धतीने केलेल्या सच्छिद्र काचेचा पृष्ठभाग फार मोठा असल्याने तिच्यातून आयन लवकर सुटतात. ही चारही अंगे सांगितली की विधान खरे की खोटे हे प्रयोगाने ठरवता येते. प्रयोगशाळेतील चांगला अहवाल हेच करतो.

जीवाणूविषयीही हाच नियम पाळावा लागतो. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जीवाणू निरोगी माणसाच्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहतो. तोच शस्त्रक्रियेत बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर पोहोचला की चिवट थर तयार करतो आणि त्या थरात प्रतिजैविके नीट काम करत नाहीत. रोगकारक असणे हा त्याचा स्वभाव नव्हे. स्थान बदलले की त्याचे शरीराशी असलेले नाते बदलते. औषध जसे संबंधाने औषध होते तसाच शत्रूही संबंधाने शत्रू होतो.

हिंसा, प्रमाद आणि जबाबदारी

येथे प्रश्न नीतीच्या क्षेत्रात येतो. जंतुनाशक काच असंख्य सूक्ष्म जीवांचा घात करण्यासाठी बनवली जाते. अहिंसेला सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या परंपरेत तिचे स्थान काय? जैन विचारात सूक्ष्म जीवांची कल्पना फार प्राचीन आहे आणि त्यांच्या रक्षणासाठी साधूंनी पाळावयाचे नियम अतिशय कडक आहेत. गृहस्थाच्या बाबतीत मात्र संकल्पपूर्वक केलेली हिंसा आणि रक्षणासाठी अपरिहार्य झालेली हिंसा यांत भेद केला जातो. 'तत्त्वार्थसूत्रा'ने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावध आणि विकारवश वृत्तीला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. प्राणाचा घात घडला एवढ्यावर हिंसेचा विचार संपत नाही. तो कोणत्या वृत्तीने घडला हे पाहावे लागते.

काचेला वृत्ती नसते. आयन कोठे जाईल हे सांद्रता आणि विद्युतभार ठरवतात. रुग्णाची पेशी आणि जीवाणू यांत तो भेदभाव करत नाही. म्हणून प्रमादाची चर्चा काच घडवणाऱ्याची, ती तपासणाऱ्याची आणि वापरणाऱ्या शल्यचिकित्सकाची होते. जीवाणू मरावेत म्हणून चांदी किंवा तांबे वाढवत नेले आणि त्याच मात्रेत हाड तयार करणाऱ्या पेशी टिकतात का हे पाहिले नाही, तर तो प्रमाद होय. उलट संसर्गाच्या जागीच मर्यादित आयन सोडणारी काच सावध वृत्तीचा नमुना ठरू शकते. पोटात घेतलेले प्रतिजैविक आतड्यातील उपयुक्त जीवाणूंनाही मारते. जागच्या जागी काम करणाऱ्या काचेत हा अनावश्यक घात टाळता येतो. रोगजंतूंचा समूळ नायनाट हे ध्येय न मानता बिघडलेले नाते पूर्ववत करणे हे ध्येय मानले, तर औषधोपचार आणि अहिंसा यांतील अंतर कमी होते. ते पूर्ण मिटते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. घात होतोच, तो किती, कशासाठी आणि किती काळजीने, यांची जबाबदारी माणसाला घ्यावी लागते.

या जबाबदारीला भविष्याचीही बाजू आहे. बोस्टनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर चांदीच्या क्षाराने उपचार होत असताना चांदीला दाद न देणारा साल्मोनेला जीवाणू आढळला आणि त्याची नोंद 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. ही प्रतिकारक्षमता देणारी जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. या घटनेचा तात्त्विक अर्थ फार मोठा आहे. चांदीच्या अणूत कोणताही फरक पडला नव्हता. बदल जीवाणूत झाला आणि चांदीची जंतुनाशकता त्याच्यापुरती संपली. गुण द्रव्यातच वसत असता तर द्रव्य जसेच्या तसे असताना तो नाहीसा झाला नसता. ज्याला चांदीचा गुण म्हटले जाते तो चांदी आणि जीवाणू यांच्यातील संबंध होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. त्यातूनच एक कर्तव्यही निघते. संबंधात वसणारा गुण बेफिकीर वापराने खर्च होऊ शकतो. गरज नसताना कपड्यांत, भांड्यांत आणि प्रसाधनांत चांदी वापरणे म्हणजे पुढच्या रुग्णाच्या वाट्याचा गुण आज उधळणे होय. येथे प्रमाद एका रुग्णापुरता राहत नाही, साऱ्या समाजावर त्याचा भार पडतो.

निष्कर्ष

धातुयुक्त जैवक्रियाशील काचेच्या आधारे द्रव्यस्वभावाच्या प्रश्नाचे उत्तर तीन पायऱ्यांत मांडता येते. पहिली पायरी रचनेची. 45 टक्के सिलिका आणि 70 टक्के सिलिका यांतील फरक खरा आहे आणि तो कोणाच्या मतावर अवलंबून नाही. वैशेषिकांचा आणि सांख्यांचा आग्रह येथे टिकतो. दुसरी पायरी सामग्रीची. रचनेतील क्षमता प्रत्यक्षात येण्यासाठी द्रव, मात्रा, स्थान, काळ, समोरचा जीव आणि प्रतिबंधकाचा अभाव हे सर्व लागते. नैयायिक, नागार्जुन, बॉइल आणि अनेकांतवादी आपापल्या परीने हेच सांगतात. तिसरी पायरी युक्तीची. सामग्री जुळून आली तरी जे घडेल ते औषधही असू शकते आणि विषही. त्यातून आरोग्य निपजावे अशा रीतीने ती जुळवून आणणे हे विवेकाचे काम आहे आणि चरकांनी युक्तीला दिलेले महत्त्व येथे सार्थ ठरते.

या तीन पायऱ्यांपैकी पहिली एकटीच पाहिली की एखादा धातू मुळातच पवित्र, गुणकारी किंवा घातक आहे अशी अंधश्रद्धा जन्मते. दुसरी एकटीच पाहिली की सर्व काही सापेक्ष आहे असे म्हणून निर्णय टाळण्याची सवय लागते. तिसरी पायरी या दोहोंना जोडते आणि द्रव्याच्या गुणाचा प्रश्न माणसाच्या कर्तव्याच्या प्रश्नापर्यंत आणून पोहोचवते. औषधाचा गुण द्रव्य, शरीर आणि परिस्थिती यांच्या संबंधात वसतो. तो संबंध घडवणे माणसाच्या हाती असेल, तेव्हा त्याच्या परिणामांचे उत्तरदायित्वही माणसाचेच असते.